करकोच्याचे शेवटचे भाग

त्या कार्टूनचे शेवटचे भाग बिघडले होते, हे माझं मत मी आजही मागे घेतलेलं नाही. सुरुवातीचे भाग ज्याने कुणी काढले, त्याला पाणी कळत होतं, पाणथळीतलं गवत कळत होतं, पक्षी मान कशी वळवतो ते कळत होतं. शेवटी शेवटी मात्र काम भलत्याच्याच हातात गेल्यासारखं वाटायला लागलं. करकोच्याच्या पिल्लाच्या डाव्या पंखाला बांधलेली पट्टी एका भागात उजव्या पंखावर आली आणि पुढच्या भागात गुपचूप परत डावीकडे गेली. मी ड्राफ्ट्समन माणूस. बहरीनमध्ये सित्र्याला एका कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात पाइपांचे नकाशे काढून पोट भरत होतो. डावीकडचा पाइप मी उजवीकडे दाखवला असता तर दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये मला जागा उरली नसती. कार्टूनवाल्यांना कुणी जाब विचारला नसावा.

चाळिशीला टेकलेला माणूस मुलांच्या कार्टूनवर एवढा का चिडतो, असं ऑफिसातले लोक हसून विचारायचे. मी त्यांना काही सांगत नसे. मी ते माझ्यासाठी बघत नव्हतो, निदान सुरुवातीला तरी नव्हतो.

आमची मुलगी मिरजेला होती. बायको बहरीनमध्येच नर्स, तिच्या शिफ्टचा काही नेम नसे. मी पहाटे बसने जायचो तो अंधार पडता पडता यायचो. पोर साडेतीन वर्षांची असताना आम्ही तिला बायकोच्या थोरल्या बहिणीकडे ठेवलं. थोडे दिवस, असं सगळेच म्हणाले. आमच्या ओळखीत अशी बरीच घरं होती. कुणाची मुलं वसईला आजोळी, कुणाची पुण्याला काकाकडे. त्यात वाईट काही आहे असं तेव्हा कुणी बोलून दाखवत नसे. दोन वर्षांनी सुट्टी मिळाली की आम्ही जायचो, आणि पोर पहिले आठ दिवस मावशीच्या पदराआडून आमच्याकडे बघायची.

पत्र वाचण्याचं तिचं वय नव्हतं आणि फोनवर बोलायचं तर मावशीला पोस्टात जाऊन ताटकळावं लागे. म्हणून आम्ही कॅसेट पाठवायचो. तेव्हा आखातातली सगळीच माणसं पाठवायची. गावी जाणारा कुणी भेटला की त्याच्या बॅगेत साबण, टाल्कम पावडर आणि एक कॅसेट ठरलेली. ए साइड बायकोची. ती विचारायची, केसाला तेल लावतेस का, मावशीला त्रास देत नाहीस ना. बी साइड माझी. माझी पंचाईत अशी की मला बोलायचं काय तेच कळत नसे. पाइपांविषयी किती सांगणार?

त्याच सुमारास हे कार्टून सुरू झालं. कुठल्यातरी लांबच्या देशात काढलेलं, वर अरबी आवाज दिलेले, दर शुक्रवारी दुपारी लागायचं. करकोच्यांचा थवा दूरदेशी निघालेला असतो, वादळ होतं, एक पिल्लू खाली पडतं आणि त्याचा पंख मोडतो. पाणथळीतलं एक कासवांचं कुटुंब त्याला घरात घेतं. थवा पुढे निघून जातो. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला पिल्लू मान उंचावून आभाळाकडे बघतं आणि कासवीण त्याला हाक मारते, चल, जेवायला. एवढीच गोष्ट, पण मी पहिला भाग बघितला आणि बी साइडवर बोलायला मला विषय मिळाला.

अडचण भाषेची होती. माझं अरबी म्हणजे चल म्हणायला यल्ला, संपलं म्हणायला खलास, नाही म्हणायला मफी, आणि भाजीवाल्याशी घासाघीस करण्यापुरते आकडे. कार्टूनमधली कासवं मात्र अगदी शुद्ध, व्याकरणाचं अरबी बोलायची. म्हणून मी घरचा टीव्ही सोडून खाली जायला लागलो. उम्म अल हस्सममध्ये आमच्या इमारतीच्या तळाशी एक कोल्ड स्टोअर होतं. दूध, ब्रेड, सिगारेटी, थंड पेयं विकणारं लहानसं दुकान. दुकानदार तिथल्याच जिदहफ्स गावचा, माझ्याहून थोडा मोठा, गल्ल्याच्या मागे छोटा टीव्ही ठेवून बसलेला असायचा. त्याला हिंदी येत होतं, म्हणजे आखातातलं हिंदी. मी विचारायचो, कासव काय म्हणालं? तो पडद्यावरून नजर न काढता सांगायचा. पुढे पुढे तर तो स्वतःच भाग सुरू व्हायच्या आधी गिऱ्हाइकांना वाटेला लावायचा आणि माझ्यासाठी रिकामा क्रेट उलटा करून ठेवायचा. पट्टी डाव्या पंखावरून उजव्यावर गेली तेव्हा मी त्याला ते दाखवलं. तो म्हणाला, पंख दुखतोय ना, मग झालं. तुम्ही हिंदी लोक फार हिशेब करता.

वर आलो की मी टेपरेकॉर्डर जेवणाच्या टेबलावर ठेवायचो. खिडकीतला एसी बंद करावा लागे, नाहीतर त्याची घरघर टेपमध्ये यायची. घामाने निथळत मी सगळा भाग सांगायचो, पिल्लाचा आवाज बारीक, कासवाचा जाड. एक नियम मात्र मी पाळला. मी पदरचं काही घातलं नाही. जे दिसलं ते, जेवढं कळलं तेवढं. जे कळलं नाही ते कळलं नाही म्हणून सांगायचो. पट्टीची चूकही सांगितली, कारण पोरीला खोटा नकाशा द्यायचा नाही असं मला वाटायचं.

तिच्या कॅसेटी उलट यायच्या त्या मावशीच्या जुन्या भजनांवर रेकॉर्ड केलेल्या. तिचं बोलणं संपलं की एकदम टाळ वाजायला लागायचे. ती प्रश्न विचारायची. कासवं घोरतात का? पिल्लू झोपतं कुठं, पाठीवर का पोटाखाली? एकदा तिने विचारलं, पिल्लू पडलं ते त्याच्या आईला कळलंच नाही का? बायको तेव्हा ड्यूटीवर जायला निघाली होती, युनिफॉर्म घालून दारात उभी. तिने तो प्रश्न ऐकला, पर्स खाली ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडून उभी राहिली.

माझ्या कॅसेटी मात्र मिरजेहून परत येत नसत. खरं तर त्याच परत पाठवायच्या, त्यांच्यावर पुन्हा रेकॉर्ड करायचं, असा सगळ्यांचा रिवाज. मी विचारलं तेव्हा मावशीने कळवलं की पोरीने प्रत्येक कॅसेटच्या कडेचे प्लास्टिकचे छोटे तुकडे मोडून टाकलेत. ते मोडले की त्या कॅसेटवर पुन्हा काही रेकॉर्ड होत नाही. गल्लीतली पोरं संध्याकाळी ओट्यावर जमतात, ती टेप लावते आणि कुणी मध्ये बोललं तर धपाटा घालते. हे ऐकून मला जो अभिमान वाटला तसा ऑफिसात कधी वाटला नाही.

ती नऊ वर्षांची झाली त्या वर्षी बायकोला एका दवाखान्यात फक्त दिवसाची ड्यूटी मिळाली. तिने त्याच आठवड्यात ठरवलं, आता पोरीला आणायची. मीही हो म्हणालो. इतकी वर्षं आम्ही दोघं त्या एका दिवसासाठी दिवस ढकलत होतो. व्हिसा काढला, शाळेत जागा मिळवली, छोट्या खोलीत तिचा पलंग आला. युनिफॉर्मचा पिनाफोर बायकोने अंदाजाने शिवून आणला आणि कपाटात टांगून ठेवला. दिवसातून एकदा तरी ती कपाट उघडून बघायची.

पोरीला सांगायचं कसं, एवढाच प्रश्न होता. आम्ही असं ठरवलं की सांगायचंच नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीला ये म्हणायचं. इथे आली, रमली, की आपोआप राहील. मावशीला कळवलं आणि तोंडाला कुलूप घालायला सांगितलं. मावशीने ते घातलं. आम्हाला हे शहाणपणाचं वाटलं, आणि आमच्या ओळखीतल्या दोन-तीन घरांनी आपली मुलं अशीच आणली होती.

त्याच दिवसांत कार्टूनमध्ये करकोच्याची आई परत आली. थवा दोन हंगामांनी त्याच वाटेने परतत होता, आईने पिल्लाला वरून ओळखलं. दुकानदाराने गल्ल्यावर हात आपटला आणि मला संत्र्याचं सरबत पाजलं. मी वर धावलो. बायको घरी होती. तिला समोर बसवून मी तो भाग टेपवर सांगितला, आणि हुंदका टेपमध्ये येऊ नये म्हणून ती ओढणी तोंडाशी धरून बसली. इतका चांगला भाग मी आधी कधी सांगितला नव्हता. कॅसेट गेली. पोरीचं उत्तर आलं त्यात शाळेचं होतं, मावशीच्या गुडघ्याचं होतं, शेजारच्या कुत्रीला पिल्लं झाली ते होतं. करकोच्याच्या आईबद्दल एक अक्षर नव्हतं. मला वाटलं, विसरली असेल.

मे महिन्यात ती आली, ओळखीच्या एका कुटुंबाबरोबर. उंच झाली होती. वाकून नमस्कार केला, बॅग स्वतःच उचलली. मिरजेकडच्या पोरींसारखी ती स्वतःला मी आलो, मी जेवलो असं म्हणायची, त्याची मला आधी गंमत वाटली. मग पहिल्याच संध्याकाळी तिने मला विचारलं, पप्पा, फ्रिज उघडू का? मी म्हणालो, अगं, विचारतेस काय. तिने पाण्याची बाटली घेतली आणि फ्रिजचं दार हळू, आवाज न करता लावलं. दुसऱ्या दिवशीही तिने विचारूनच उघडला. बायकोने मला काही म्हटलं नाही, पण तिला ते लागलं होतं. मलाही लागलं होतं. आपल्या घरात आपलं मूल पाहुण्यासारखं वागतं तेव्हा त्याला रागवायचं कसं, हे कुणी शिकवलेलं नसतं.

शुक्रवारी मी तिला खाली घेऊन गेलो. इतकी वर्षं मी जे सांगत होतो ते आता ती स्वतः बघणार, आणि बघून खूश होणार, अशी माझी खात्री होती. दुकानदाराने दुसरा क्रेट उलटा केला, तिला गार दूध दिलं. भाग सुरू झाला, पिल्लू पडद्यावर आलं, बोललं. ती माझ्याकडे वळून म्हणाली, ह्याचा आवाज असा नाही. मी म्हणालो, हाच खरा आवाज आहे. तिला पटलेलं दिसलं नाही.

शेवटचा भाग त्याच्या पुढच्या शुक्रवारी होता. पंखाची पट्टी सुटते, आई पिल्लाला उडायला शिकवते, थवा हाक मारतो, पिल्लू उडतं. कासवांचं कुटुंब ओळीने काठावर उभं राहून हात हलवतं, मोठ्याने संगीत वाजतं, आणि चित्र आभाळात लहान होत होत संपतं. घाईघाईने गुंडाळलेला भाग होता. पिल्लाने कासविणीचा निरोप घेतलेला दाखवलाच नाही. एवढ्या भागांनंतर त्याला तेवढा वेळ द्यायला हवा होता. दुकानदार मात्र डोळे पुसत होता. “माँ मिल गया. खलास. अब क्या मांगता?” तो म्हणाला. मला वाद घालायचा होता, पण पोर उठून बाहेर गेली होती.

ती माझ्या पुढे जिना चढून वर गेली. दुपारच्या नमाजाची अजान होत होती; बायको खिडकीतले कपडे काढून घड्या घालत होती. तिने हसून विचारलं, काय गं, कसं वाटलं शेवटचं?

“मला नाही आवडलं.”

मी लगेच सुरू झालो. म्हटलं, बरोबर आहे, हे अलीकडचे भाग बिघडलेच आहेत, त्या पट्टीपासूनच मी म्हणतोय. तिने माझं बोलणं पुरतं ऐकून घेतलं. मोठ्यांचं बोलणं मध्ये तोडायचं नाही ही मावशीची शिस्त. मग म्हणाली, “पट्टीचं नाही, पप्पा. त्याला कुणी विचारलंच नाही की.”

“काय विचारायचं?” बायको म्हणाली.

“येतोस का म्हणून. आई आली आणि घेऊन गेली. कासवांना पण नाही विचारलं. कासवीण हसत होती ते खोटं होतं. दुकानवाल्या काकांना कळलं नाही.”

बायकोच्या हातात घडी तशीच राहिली. “अगं, पण ती आई आहे ना त्याची,” ती म्हणाली.

“असू दे की.” ती जमिनीकडे बघत होती. आवाज न चढवता ती म्हणाली, “मावशीने माझ्या बॅगेत स्वेटर भरला. इथं एवढं उकडतंय आणि स्वेटर भरला. मला तेव्हाच कळलं.”

तोंडाला घातलेलं कुलूप स्वेटरने उघडलं होतं. मावशीला दोष देण्यात अर्थ नव्हता. पोर थंडीत कुडकुडेल, एवढाच विचार तिने केला असणार. आणि ही नऊ वर्षांची पोर ते ओळखून विमानात बसली, पंधरा दिवस आमच्या घरात पाणीसुद्धा विचारून प्याली, आणि वाट बघत राहिली की कुणीतरी तिला विचारेल. मला एकदम रडू आलं. मी खिडकीकडे तोंड केलं.

बायकोने कपडे बाजूला ठेवले. तिचा आवाज ड्यूटीवरचा असतो तसा सपाट झाला. “बरं, आता विचारते. राहतेस आमच्याजवळ?”

पोरीने मान वर केली. “मी मावशीकडं जातो,” ती म्हणाली. “सुट्टीला येतो. दर सुट्टीला येतो.” मग आईच्या जवळ गेली आणि विचारलं, “राग आला?”

“नाही,” बायको म्हणाली, आणि तिला पोटाशी धरलं. त्या घरात आल्यापासून पोर पहिल्यांदाच तिला बिलगली.

ती खोलीत गेल्यावर मी मात्र चिडलो. म्हणालो, नऊ वर्षांच्या पोराला काय कळतं, व्हिसा झालाय, शाळेची जागा धरलीय, लोक काय म्हणतील, आणि इतकी वर्षं आपण कशासाठी काढली? आवाज चढला असावा. बायकोने पिनाफोर हँगरवरून काढला, नीट घडी घालून कपाटाच्या तळाशी ठेवला. म्हणाली, “विचारलंय आता. विचारून मग ऐकायचं नाही, हे मला जमणार नाही.” त्यानंतर आम्ही त्यावर भांडलो नाही. भांडण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पुढचे दिवस, खोटं वाटेल, फार चांगले गेले. ती जाणार हे ठरल्यावर ती मोकळी झाली. फ्रिज न विचारता उघडायला लागली, दार धाडकन लावायला लागली. आईच्या युनिफॉर्मची टोपी घालून घरभर फिरली. खाली दुकानदाराशी तिने हिंदीत वाद घातला की कासवीण हसत नव्हती. त्याने तिला हरवायचा प्रयत्न केला आणि मग म्हणाला, “इंशाल्ला, तू बोलता वैसाच होगा.”

जायच्या दिवशी बॅग भरताना तिने स्वेटर काढून पलंगावर ठेवला. म्हणाली, हा इथंच राहू दे, दिवाळीच्या सुट्टीला आलो तर लागेल. बायको तो हातात घेऊन बसली. विमानतळावर निघायच्या वेळी पोर मला म्हणाली, पप्पा, कॅसेट पाठवत राहा. मी म्हणालो, कशाची पाठवू, कार्टून तर संपलं.

“मग काय झालं? पुढचं तुम्ही सांगा की.”

मी म्हणालो, मला पदरचं घालता येत नाही. ती म्हणाली, येईल.

त्या शुक्रवारी मी खाली गेलो नाही. टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवला, एसी बंद केला. बायको समोर येऊन बसली. बटण दाबून मी कितीतरी वेळ नुसताच बसलो. टेपवर सुरुवातीला माझा श्वासच ऐकू येत असेल. मग सांगायला लागलो. आई करकोचा पाणथळीत उतरते. कासवीण दारात उभी असते. पिल्लू आभाळाकडे बघत असतं. आई पिल्लाच्या जवळ जाते, पंख मिटते, आणि सगळ्यात आधी त्याला विचारते, तुला कुठे राहायचंय?

तिथे मी थांबलो. बी साइड बरीच उरली होती, ती मी कोरीच ठेवली. शेवटी एवढंच म्हणालो की ह्या कॅसेटचे तुकडे मोडू नकोस. पिल्लू काय म्हणालं ते ह्याच्यावर तू सांग, आणि कॅसेट परत पाठव.